नळी कोणत्या दिवशी मोडली?

पत्र भंडारा जिल्ह्यातलं आहे. गावाचं नाव छापू नका असं लिहिणाऱ्याने दोनदा बजावलंय. चार पानांचं पत्र, त्यातलं कामापुरतं इथे देतो.

"डॉक्टरसाहेब, मागच्या जानेवारीत आमच्या इकडच्या शंकरपटात (बैलजोड्यांच्या शर्यतीत) माझा मोत्या गेला. मोत्या आणि पाखऱ्या, दोघंही घरच्याच गायीचे, सहा-सात वर्षांचे. हाकायले काका होता, बाबाचा लहान भाऊ. पंधरा वर्षांपासून आमच्या घरचा धुरकरी तोच. अर्ध्याच्या वर गेले अन् मोत्याचा समोरचा उजवा पाय मुरडला. नळी मोडून हाड बाहेर आलं. काकाने जोडी थांबवली, पण लोक म्हणतात त्याच्या आधी त्याने तुतारी (टोकाला आर लावलेली काठी) टोचली. मी भर मैदानात काकाची कॉलर धरली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरने मोत्याले शांत केलं. तेव्हापासून दोन घरं बोलत नाहीत. आता पोळा आला. पोरगा मोबाईलवर दाखवते, विलायतेत शर्यतीचे घोडे असेच मरतात, पडदा लावून तिथंच संपवतात, कोणी कोणाले दोष देत नाही. मग मोत्याचा जाब मी कोणाले विचारू? काकाले, पंचकमिटीले, दाखला देणाऱ्या डॉक्टरले, का नशिबाले? भरपाई मागता येते का?"

भाऊ, नमस्कार.

आधी एक खुलासा. गावोगाव मला डॉक्टर म्हणायचे, तुम्हीही म्हणता. मी होतो पशुधन पर्यवेक्षक. पदवीवाला डॉक्टर वेगळा. पण तीसेक वर्षं गोठ्यांत गेली आणि त्यातले बरेच हिवाळे पटाच्या मैदानावर, तेवढ्या हक्काने लिहितो.

तुमच्या पत्राच्या तिसऱ्या पानावर कंसात एक ओळ आहे. "(आठ दिवसांपासून जरा लचकत होता, मेडिकलमधून सुई आणून टोचली, मोकळा झाला होता.)" बस, एवढंच. त्यानंतर तुम्ही लगेच पंचकमिटीवर घसरलात. मला मात्र उत्तर त्या कंसातूनच द्यावं लागणार आहे, आणि ते तुम्हाला गोड लागणार नाही.

मोत्याची नळी, म्हणजे गुडघ्याखालचं लांब हाड, कोणत्या दिवशी मोडली? तुम्ही म्हणाल, पटाच्या दिवशी, सगळ्या मैदानाने पाहिलं. मोडली त्या दिवशी. तडकली बहुधा आधीच होती.

हाड म्हणजे दगड नाही. रोज जसं काम पडेल तसं ते स्वतःला घडवत असतं. नांगर-वखराला जुंपलेला बैल पाय दाबून सावकाश ओढतो, त्याची नळी त्या कामाला पक्की होते. धान कापून झाला की आपण त्याच बैलाला महिना-दीड महिन्यात वाऱ्यासारखं पळायला लावतो. भरधाव पळताना एकेका पायावर जो दणका बसतो तो वखराच्या कामात कधीच बसत नाही. त्यातून हाडात केसाएवढ्या बारीक भेगा पडतात. शरीर त्या भरून काढतं, पण भरायची रीत अशी की खराब झालेलं हाड आधी कुरतडून काढायचं आणि मग त्या जागी नवं बसवायचं. मातीची भिंत लिंपताना पोपडे आधी खरवडून काढतात, तसंच. खरवडून झालंय आणि नवा लेप अजून लागलेला नाही, तेव्हा भिंत सगळ्यात कच्ची. नेमक्या त्या आठवड्यांत जनावर पाय जपून टाकतं. ते लचकणं हा त्याचा ब्रेक असतो. तुम्ही सुई टोचली, दुखणं दबलं, ब्रेक निघाला. भेग होती तिथेच राहिली.

मोत्याच्या पायाबद्दल हे मी शपथेवर सांगू शकत नाही, कारण त्याचा पाय कोणी चिरून पाहिला नाही. घोड्यांचे मात्र पाहिलेत. कॅलिफोर्नियात १९९० पासून रेसकोर्सवर मरणाऱ्या प्रत्येक घोड्याचं शवविच्छेदन होतं. एवढे पाय चिरल्यावर त्यांना दिसलं की जीवघेण्या फ्रॅक्चरपैकी बहुतेकांत त्याच जागी जुनी इजा होती. म्हणजे "चुकीचं पाऊल पडलं हो" असं जे सांगितलं जायचं, त्यातलं बरंचसं खरं नव्हतं. पाऊल शेवटचं होतं इतकंच.

म्हणून तुमच्या पोराला सांगा, तिथे कोणी कोणाला दोष देत नाही हे चूक आहे. २०१८ च्या डिसेंबरअखेरपासून २०१९ च्या जूनपर्यंत लॉस एंजेलिसजवळच्या सांता अनिता रेसकोर्सवर ३० घोडे मेले. पाऊस जास्त झाला म्हणाले, माती बिघडली म्हणाले, ट्रेनर लपवतात म्हणाले, मालकांना घाई म्हणाले. सगळ्यांनी सगळ्यांकडे बोटं दाखवली, अगदी आपल्या गावच्या चौकातल्यासारखी. पण बोटं दाखवून ते घरी गेले नाहीत. शर्यतीआधी दुखणं दाबणारी औषधं देण्यावर कडक बंधनं आली, चाबकावर आली, लंगडा घोडा आधीच बाजूला काढायच्या तपासण्या वाढल्या. २०२० मध्ये त्यासाठी केंद्राचा कायदा झाला आणि २०२२ च्या जुलैपासून तो लागू झाला. अमेरिकेच्या जॉकी क्लबच्या नोंदीप्रमाणे २००९ मध्ये घोडे हजार वेळा पळाले की त्यात दोन मरत. २०२३ मध्ये तो आकडा १.३२ वर आला. नशिबाची गोष्ट असती तर आकडा खाली आला नसता. आणि सगळीच माणसाची चूक असती तर एवढ्या खटाटोपानंतर तो शून्यावर आला असता, असंही मला वाटतं.

त्या उरलेल्यातला एक घोडा सांगतो, कारण तुमच्या काकांसाठी तो लागणार आहे. बार्बारो. २००६ च्या मे महिन्यात केंटकी डर्बी जिंकला, दोन आठवड्यांनी बाल्टिमोरच्या शर्यतीत सुरुवातीलाच त्याचा मागचा उजवा पाय वीसेक तुकड्यांत फुटला. आधी लंगडल्याची खूण नाही. स्वार काही ढांगांत घोडा आवरून खाली उतरला. मालक पैसेवाले, त्यांनी ऑपरेशन केलं, आठ महिने झुंजले. हाड जुळत आलं, पण दुसऱ्या पायांवर भार पडून खुरांची आतली पकड सुजून सुटली आणि २००७ च्या जानेवारीत त्याला शांत करावं लागलं. साडेचारशे-पाचशे किलोचं जनावर, गुडघ्याखाली ना मांस ना धड रक्तपुरवठा, आणि दिवसरात्र उभं राहायची सवय. घोड्याला पडदा लावून तिथेच का संपवतात, त्याचं कारण हे. कसायाचं काळीज म्हणून नव्हे.

बैलाचं थोडं बरं असतं. बैल बसतो, रवंथ करत पडून राहतो, तीन पायांवर निभावून नेतो. गोऱ्ह्याची बंद मोड, नळीतली, प्लास्टरने जुळलेली मी डोळ्याने पाहिली आहे. पण भरल्या अंगाचा बैल, हाड कातडी फाडून बाहेर, त्यात बांधीतली (धानाच्या खाचरातली) शेणमाती गेलेली... तुम्ही पत्रात दोनदा विचारलंय, नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेला असता तर? मालवाहू गाडीत टाकून तेवढा रस्ता त्याला हलवत नेणं म्हणजे दुखण्यावर दुखणं. डॉक्टरने केलं ते योग्य केलं. बाबांनी रात्रभर "घरच्या जित्राबाले असं नाही करता येत" म्हणून अडवून धरलं, त्यांनाही बोल लावू नका. १९६० चा प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदासुद्धा वाचण्यापलीकडे गेलेल्या जनावराला वेदनेतून सोडवायची मुभा देतो, पण वासरू असल्यापासून हाताने पेंड चारणाऱ्याला कायदा सांगून उपयोग नसतो.

आता तुमचे आरोपी एकेक घेऊ.

दाखला देणारा डॉक्टर. त्याने पटाच्या आधी तपासला तेव्हा मोत्या सुईवर होता. सरळ चालला असणार. लंगडणं दाबून आणलेलं जनावर समोर उभं केलं, तर तो काय पाहील? त्याला सोडा.

पंचकमिटी. त्यांना मी इतक्या स्वस्तात सोडणार नाही. धानाच्या बांध्या सपाट करून पळायची वाट केली, मधले धुरे (बांध) फोडून भर टाकली, भरीवर रोलर फिरवला नाही, असं तुम्ही लिहिलंय. इकडे बांधी वाळली की सिमेंटसारखी होते. त्यात मध्येच हातभर पट्टा भुसभुशीत. भरधाव बैलाचा पाय कडक जमिनीवरून एकदम मऊ भरीत गेला की नळी पिळली जाते. तुमचा मोत्या पडला ती जागा धुऱ्याची होती का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. जाऊन पाहा. खुणा आता पावसात गेल्या असतील, पण शेतमालकाला धुरा कुठे होता ते ठाऊक असतं. तसं निघालं तर कमिटीला बोलवा, बसवा, आणि पुढच्या वर्षी रोलर फिरल्याशिवाय एकही जोडी सुटणार नाही असं लिहून घ्या. घोड्यांच्या मैदानावर मातीचा ओलावा आणि कडकपणा मोजतात. आपल्याला यंत्र नको. सब्बल (पहार) रोवत वाट चालत गेलं तरी कळतं.

काका. तुतारी टोचली असेल तर ते चूक, दोनदा चूक. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ ला या शर्यती बंद केल्या त्या अशाच गोष्टींपायी: आरी, चाबूक, शेपटी पिरगाळणं. राज्याने २०१७ मध्ये कायदा बदलला, तरी पट परत सुरू व्हायला डिसेंबर २०२१ उजाडला, आणि मे २०२३ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो कायदा कायम ठेवला. ही मुभा अटींवर आहे: जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, जनावराची तपासणी, टोचणं-मारणं नाही, विजेचा झटका नाही. त्या सात वर्षांत पटाचे बैल मातीमोल विकले गेलेले मी पाहिलेत. तळेगाव दशासरसारख्या नावाजलेल्या पटाच्या गावाला हिवाळा सुना गेला, इकडे झाडीपट्टीत दिवसा पट आणि रात्री नाटक हे गणितच मोडलं. पुन्हा बंद पाडायचं असेल तर तुताऱ्या चालू ठेवा.

पण तुतारीने नळी मोडत नाही, भाऊ. "लोक म्हणतात" यावर तुम्ही कॉलर धरली. तुमच्याच पत्रात आहे की काकाने जोडी थांबवली. पळती जोडी, छकडीला ब्रेक नाही, एक बैल तीन पायांवर, दुसरा बिथरलेला, आणि काकाने ती उलटू न देता आवरली, उडी मारून मोत्याचं जू काढलं. पाखऱ्या आज तुमच्या गोठ्यात उभा आहे तो त्यामुळे. बार्बारोच्या स्वाराची कॉलर कोणी धरली नव्हती.

आणि आता खरी गोष्ट. चार पानं पालथी घातली, पण काकांना सुईची माहिती होती असं कुठे सापडलं नाही. पंधरा वर्षांचा धुरकरी बैलाचं दुखणं डोळ्यांनी बघत नाही, त्याला ते कासऱ्यातून हाताला कळतं. बैल एका बाजूला जरा ओढतो, जरा मागे राहतो, चांगला धुरकरी तिथेच हात सैल सोडतो. त्या दिवशी कासरा काकांशी खोटं बोलला. ते खोटं तुम्ही भरून दिलेलं होतं, पाच मिलीच्या सुईतून.

मला हे इतकं तोंडावर लिहिता येतं त्याला कारण आहे. नोकरी लागून दोन-तीन वर्षं झाली होती. एका पटावर एक मोठं प्रस्थ जवळ आलं आणि म्हणालं, "बैल जरा दबकते, एक सुई मारा ना साहेब, चार वाजेपर्यंत तर पाहिजे फक्त." मी मारली. बैल पळला, जोडीचा दुसरा नंबर आला, मला संध्याकाळी हार घातला. पुढच्या जूनमध्ये तोच बैल पेरणीला तीन दिवस चालला नाही, कायमचा अधू झाला. मालकाने मला कधी विचारलं नाही. त्याने त्याच्या गड्याला कामावरून काढलं, नीट निगा ठेवली नाही म्हणून. मी गप्प राहिलो. तो गडी पुढे नागपूरला हमालीला गेला असं ऐकलं. मोत्याचं मरण निदान हजार लोकांनी पाहिलं. त्या बैलाचं आणि त्या गड्याचं काय झालं ते फक्त मला माहीत होतं.

त्या सुईत काय होतं, तुम्ही लिहिलेलं नाही. माणसांच्या दुकानातून बहुतेक वेळा डायक्लोफेनॅक आणतात. ते जनावरांना द्यायला २००६ पासून बंदी आहे, कारण असलं मेलेलं जनावर खाऊन गिधाडं मूत्रपिंड निकामी होऊन मरतात; आपल्या आकाशातली गिधाडं त्यानेच गेली. तुम्ही मोत्याला मीठ टाकून शेतात पुरला हे वाचून मला बरं वाटलं.

भरपाईचं दोन ओळींत. परवानगी होती की नाही ते तहसीलमध्ये विचारून घ्या. नसेल तर कमिटी अडचणीत आहे, आणि बैल उतरवणारे तुम्हीही. परवानगी असून तुम्ही दाव्याला गेलात, तर पहिला प्रश्न येईल बैल निरोगी होता का, दुसरा औषध दिलं होतं का. कंस तिथे उघडा पडेल. माझं ऐकाल तर दाव्यापेक्षा रोलरचा आग्रह धरा.

आणि काकांकडे जा. पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदमळणीच्या संध्याकाळी. त्या दिवशी आपण बैलांना "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या" म्हणतो. माणसाला म्हणायला हरकत नसावी. एकटे जा, बाबांना किंवा पंचांना घेऊन नाही, नाहीतर त्याची बैठक होईल. माफी कॉलरची मागू नका आधी. आधी सुईचं सांगा: किती तारखेला, किती मिली, कोणत्या पायासाठी. ते चिडतील. चिडायला हवेत. सात महिने तो माणूस स्वतःशी विचारत बसला असेल की आपल्या हाताला कळलं कसं नाही. काकू येत नाही म्हणून तुमची आई रडते असं लिहिलंय. काकू का येत नाही ते यात आलं. तुतारीचं त्यांनी स्वतःहून काढलं तर ऐकून घ्या, तुम्ही काढू नका. लगेच तोरणाखाली दोन्ही घरचे बैल एका रांगेत येतीलच असं मी लिहीत नाही. यंदा नाही तर नाही.

हे सगळं सोडून एक गोष्ट मात्र याच आठवड्यात करायची आहे. पत्राच्या अगदी शेवटी तुम्ही लिहिलंय की पलीकडच्या गावचा एकजण पाखऱ्याला जोडीदार लावून येत्या हिवाळ्यात पळवायचं विचारतोय, आणि त्याच्याच खालच्या ओळीत, "पाखऱ्या आजकाल समोरचा डावा जरा हलका टाकते, मोत्याच्या आठवणीनं असन." जोडीदार गेल्यावर बैल चारा सोडतो, हंबरतो, गोठ्याच्या त्या बाजूला तोंड करून उभा राहतो, हे मी मानतो. आठवणीने पाय हलका पडत नाही.

उद्या सकाळी गोठ्यातून काढल्याबरोबर त्याला डांबरी रस्त्यावर कासरा सैल सोडून चालवा आणि समोरून डोकं बघा. दुखरा पुढचा पाय टेकताना डोकं वर जातं, चांगला टेकताना खाली येतं. मग दोन्ही पायांच्या नळ्या एकाच वेळी दोन्ही हातांत धरून गरमपणा बघा. आधी खूर धुऊन पाहा; जनावरांचं लंगडणं बहुतेक वेळा खुरातूनच येतं, काटा निघाला तर आनंदच. काही सापडलं नाही तर १९६२ ला फोन लावा, फिरतं पशुवैद्यकीय पथक येतं. ते येईपर्यंत पाखऱ्याला वखराला जुंपू नका, पलीकडच्या गावच्या माणसाला नाही म्हणून कळवा, आणि मेडिकलमध्ये जाऊ नका.